लंडनला जाताय? शिवराई घरीच ठेवा

शिवराईसारखी (शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं) जुनी नाणी जमवणारा माणूस ग्रुप टूरने लंडनला गेला की दिवस सगळा बसच्या खिडकीत जातो. उपाय शुक्रवार! त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, प्रवेश फुकट. टूरचं जेवण चुकलं तर चुकू द्या.

१. तिथल्या नाण्यांशी ताडून बघता यावं म्हणून निघण्याआधी साताऱ्यातच ओळखीच्या सराफाकडून प्रत्येक नाण्याचं वजन करून घ्या. ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत.
२. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टॉर्च बाजूनं तिरका धरा. शिवराईवरचं झिजलेलं ‘श्री राजा शिव’सुद्धा उठून दिसतं. वरून फ्लॅश मारला तर नुसती चकाकी येते.
३. म्युझियमच्या वेबसाइटवर तसली नाणी शोधून त्यांचे क्रमांक लिहून घ्या.
४. तिथं सरळ नाण्यांचं ६८ नंबरचं दालन गाठा. ममी बघायला बाकीचे आहेतच.

दालनात मांडलेली नाणी थोडीच. संग्रहात आत ठेवलेली बघायची तर आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, आणि तिथं तुमचे क्रमांक कामाला येतात.

फक्त दाखवायला म्हणूनही जुनं नाणं पाकिटात टाकू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही.