लहान घर मनासारखे आखताना पुढच्या विक्रीचा विचार किती करावा

लहान घराचा आराखडा करताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा फरशीचा नसून, या घरात आपण किती वर्षे राहणार आहोत, हा असतो. चार-पाच वर्षांत ते विकण्याची शक्यता असेल, तर प्रत्येक मोठा खर्च करताना पुढच्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवावे लागते. पंधरा-वीस वर्षे राहायचे असेल, तर तोपर्यंत ओटा, नळजोडणी आणि स्नानगृह यांचे काम बहुधा एकदा तरी नव्याने करावे लागते. त्यामुळे ज्याला आपण अजून पाहिलेलेही नाही, त्याच्यासाठी आज स्वतःची गैरसोय करून घेण्यात फारसा अर्थ नसतो.

यानंतर मनातल्या प्रत्येक कल्पनेला एकच कसोटी लावावी: ही गोष्ट पूर्ववत करायची झाल्यास किती दिवस लागतील आणि किती तोडफोड होईल? भिंतीचा गडद निळा रंग दोन दिवसांत झाकता येतो, पडदे, दिवे आणि कपाटांच्या मुठी काही तासांत बदलतात. स्नानगृहातील टाइल मात्र उखडल्या, तर त्यांच्याखालील जलरोधक थरही बहुधा नव्याने करावा लागतो. म्हणून हौस भिंतींवर आणि सुट्या वस्तूंवर भागवावी, आणि जे सिमेंटमध्ये पक्के बसते त्यात साधेपणा ठेवावा. विक्री सोपी व्हावी म्हणून सगळेच घर फिकट रंगात ठेवा, हा सर्रास मिळणारा सल्ला मला अर्धाच पटतो. रंगाच्या दोन-तीन हातांनी जे बदलते, त्याच्या भीतीने वर्षानुवर्षे बेचव घरात कशाला राहावे?

खरा धोका खोल्यांच्या संख्येत असतो. घर शोधणारी माणसे बहुतेक वेळा शयनकक्षांच्या संख्येवरून यादी गाळतात. त्यामुळे दोन लहान खोल्यांची मिळून एक ऐसपैस खोली केली, की ती कितीही देखणी असली तरी घर खालच्या गटात जाऊन बसते. मोठी खोली हवीच असेल, तर परतीची वाट राखून ठेवावी: दोन्ही भागांची स्वतंत्र खिडकी कायम ठेवावी, दुसऱ्या दाराची चौकट काढून न टाकता कपाटामागे झाकावी, आणि दिव्याची व पंख्याची बटणे दोन्हीकडे वेगवेगळी असू द्यावीत, म्हणजे पुढे जिप्सम बोर्डाची हलकी भिंत उभारली की काम भागते. उलट, मोठ्या खोलीतून अभ्यासिका काढताना तिच्या वाट्याला खिडकी आली नाही, तर ग्राहक तिला खोली मानणार नाही, आणि अनेक ठिकाणचे बांधकाम नियमही बिनखिडकीच्या जागेला शयनकक्ष मानत नाहीत. कोणतीही भिंत पाडण्यापूर्वी ती भार वाहणारी आहे का, हे संरचना अभियंत्याकडूनच तपासून घ्यावे. ठोकून आवाजावरून अंदाज बांधू नये.

स्वयंपाकघर आणि स्नानगृह शक्यतो आहे तिथेच ठेवावे. सांडपाण्याच्या नळीला दर मीटरला साधारण २ सेंटिमीटर उतार लागतो, म्हणजे स्नानगृह ४ मीटर सरकवले तर तेवढ्यासाठीच ८ सेंटिमीटर, आणि त्यावर नळीची जाडी व फरशी धरावी लागते. एवढी जमीन उचलली की दारात पायरी येते, आणि कमी उंचीच्या घरात छत आणखी खाली आल्यासारखे वाटते.

ओट्याच्या उंचीबाबत मात्र स्वतःचे हित पाहावे, कारण रोज तासन्‌तास तिथे उभे राहणारी पाठ आपली असते. सर्वसाधारण ओटा ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतो. उंच माणसाला तो ९५ हवा असेल, तर पक्के बांधकाम न करता खालची कपाटे कमीजास्त होणाऱ्या पायांवर उभी करावीत, म्हणजे पुढच्या मालकाला तो खाली घेता येईल.

बांधीव फर्निचरात छतापर्यंत गेलेले, साधारण ६० सेंटिमीटर खोलीचे कपाट जवळजवळ सर्वांनाच उपयोगी पडते, म्हणून त्यावर निर्धास्त खर्च करावा. भिंतीत बसवलेला पलंग किंवा चौथऱ्यावरची बैठक मात्र त्या खोलीचा दुसरा कोणताही वापर बंद करते, आणि लहान घरात हीच अडचण सर्वाधिक बोचते. या गोष्टी सुट्याच घ्याव्यात.

शेवटी, भिंती आणि फरशी बंद होण्याआधी आतील नळ्या व तारांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढावीत, आणि परवानग्या, आराखडे व जलरोधक कामाची हमीपत्रे यांच्यासोबत एकाच फायलीत ठेवावीत. विक्रीच्या वेळी ग्राहकाने अभियंत्याकडून घर तपासून घेतले, तर ही फाईल उपयोगी पडते.