आवणीच्या दिवसांत गडवाटेचे नियोजन

कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला भातशेती करणाऱ्या बंधू-भगिनींसाठी हा सल्ला आहे. आषाढात आपली आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, सुरू होते आणि त्याच दिवसांत शनिवार-रविवारी ट्रेकला येणाऱ्यांची रीघ लागते. बारी, रतनवाडी, पाचनई, कुठूनही चढा, पहिली पावले खाचरांच्या कडेनेच पडतात. घरची सगळी माणसे चिखलात आणि अनोळखी पन्नास जण बांधावर, अशी वेळ येण्याआधी वाट कुठून द्यायची हे गावाने बसून ठरवावे.

सगळ्यात जास्त जपायचा तो बांध. ओल्या बांधावर एकाच्या बुटाने कड दबते, मागचा घसरतो आणि नेमकी तिथेच टाच रोवतो. पाच-सहा माणसे गेली की बोटभर चीर पडून पाणी झिरपू लागते. त्यात खेकड्याचे बीळ असेल तर रात्रीच्या पावसात तेवढा बांध वाहून जातो आणि खालच्या खाचरातले कोवळे रोप गाळाखाली गाडले जाते. म्हणून रोप उपटायला घेण्यापूर्वी एकच वाट नक्की करा. शक्यतो ती मुरमाड, पडीक कडेने न्या. बांधावरूनच न्यावी लागली तर तो बांध दोन हात रुंद करा, खालच्या अंगाला दगड रचा आणि पाण्याची सांड (जादा पाणी बाहेर जाण्याचे तोंड) वाटेपासून लांब काढा. बाकीच्या बांधांच्या तोंडाशी करवंदीच्या काट्या टाका. वाडवडिलांनी पडकई करून, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबून, हे बांध उभे केले, ही दुरुस्तीही तशीच सगळ्यांनी मिळून करावी.

चारसूत्री पद्धतीने, म्हणजे ठरावीक अंतरावर रोपे लावून मधे खताची गोळी खोचून, लावणी केलेल्यांनी जास्तच दक्ष राहावे. चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध ७ ते १० सें.मी. खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी जागची हलता कामा नये. फोटोसाठी कोणी खाचरात उतरले तर रोप तुडवले जाते आणि गोळीही उघडी पडते. वाटेच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत पाटी लावा : ‘खाचरात उतरू नका, वाट सोडून बांधावर चढू नका.’

गेल्या वर्षी आवणी करताना एका ताईच्या तळपायात बाटलीची काच घुसली. काच चिखलाखाली होती, दिसणार कशी? ऐन हंगामात पंधरा दिवस तिचे काम बंद पडले. तेव्हापासून मी प्रत्येक गावात सांगतो, गट वर निघताना पिशव्या-बाटल्या मोजा आणि उतरताना पुन्हा मोजा. काचेची बाटली आणणाऱ्याला वाट देऊ नका, यात भीड धरू नका.

देवराईतली काडीही आपण मोडत नाही, वाघोबाच्या ठाण्यापाशी पायताण काढतो. पाहुण्यांना हे आधी सांगितले की बहुतेक जण मनापासून पाळतात. आवणी करणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हेही तेव्हाच सांगा.

जेवणाच्या ऑर्डरीतून चार पैसे मिळतात, ते मिळावेतच. पण हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातीचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की आवणी लांबवू नका, उशिराने फुटवे कमी येतात. ज्या घरी आवणी, त्या घराने त्या दिवशी ऑर्डर घेऊ नये, शेजारच्या घरी द्यावी. चार दिवसांनी शेजाऱ्याची आवणी आली की तो आपल्याकडे पाठवील. नागलीची भाकरी, पिठलं, रानभाजी असे साधे जेवण ठेवा आणि जेवणाचा दर सगळ्या गावाने मिळून एकच ठरवा. पावसात सांदण दरीच्या अरुंद घळीत कोणालाही नेऊ नका, कितीही पैसे देऊ केले तरी.

रविवारी संध्याकाळी शेवटचा गट गेला की कुदळ घेऊन वाटेच्या बांधावरून एक फेरी मारा. दबलेल्या कडेला चिखलाचा लेप द्या, सांडीत अडकलेला कचरा काढा आणि पाणी जागेवर आहे ना, ते अंधार पडण्याआधी बघून घ्या.