फ्लशची टाकी गुपचूप गळतेय का?

नळ ठिबकला की आवाज येतो, फ्लशची टाकी मात्र भांड्याच्या मागच्या बाजूने मुकाट्याने गळत राहते. पाच मिनिटांत पेलाभर (२०० मिली) पाणी जात असेल, तर दिवसाचे सुमारे ५८ लिटर होतात.

रात्री झोपताना टाकीत चमचाभर बीटाचा रस किंवा खाण्याचा रंग टाका (हळद नको, डाग पडतात) आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर झाकण काढून बघा. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत पडत असेल, तर दोष फ्लोटचा (पाण्यावर तरंगून टाकी भरली की पाणी बंद करणारा भाग). त्याचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली दोनेक सेंटीमीटर आणा.

पातळी ठीक असूनही रंग उतरला, तर तळाचा वॉशर. अँगल कॉक (टाकीला पाणी देणाऱ्या पाइपवरचा छोटा नळ) बंद करा, टाकी रिकामी करा, मधला व्हॉल्व्ह डावीकडे पाव फेरा फिरवून उचला. बहुतेक व्हॉल्व्ह असे निघतात, अडला तर जोर लावू नका. बोअरच्या पाण्याचा क्षार वॉशरवर आणि तो टेकतो त्या कडेवर पांढरा साचतो. वॉशर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, कड ओल्या फडक्याने पुसा. पॉलिशपेपर लावला की चरे पडतात आणि गळती कायमची होते. वॉशर कडक झाला असेल तर नवाच घ्या, पण जुना दुकानात सोबत न्या. मापं कंपनीगणिक वेगळी. टाकीत टाकायच्या निळ्या वड्यांपैकी क्लोरीनवाल्या रबर लवकर खातात.