उन्हाळ्यात अंड्याच्या रंगापेक्षा कवचाकडे लक्ष द्या

ऊन तापू लागलं की अंड्यांचं कवच पातळ होतं आणि तपकिरी अंडी कधी कधी फिकी पडतात. हे बघून लगेच खाद्य बदलू नका. अंडं हातात घ्या, उजेडात धरा, त्यावरून बोट फिरवा.

पांढरं, तपकिरी की निळसर, हे कोंबडीच्या जातीवर ठरतं. रंगामुळे अंड्याचं पोषण बदलत नाही. तपकिरी अंड्याचं टरफल उलटं करून बघा, आतून ते पांढरंच असतं. कारण तो रंग अंडं घालण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळं टरफल मात्र आतूनही निळं असतं, तिथे रंग कवच बनता बनताच मुरलेला असतो.  

आता उन्हाचं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवचाचा जवळजवळ ९५ टक्के भाग असलेलं कॅल्शियम कार्बोनेट बनायला तोच लागतो. त्यात उन्हानं तिचं खाणंही कमी होतं. म्हणून खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरेसा असूनही कवच पातळ येतं.

कवच चढायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं. माझं आग्रहाचं सांगणं हे की, शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्या, आणि तो जाडसर, २ ते ४ मिलिमीटरचा असू द्या. जाड कण पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात, बारीक भुकटी लवकर निघून जाते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण ३.५ ते ४ टक्के लागतं. हेच खाद्य पिल्लांना मात्र अजिबात घालू नका, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाका. पिण्याचं पाणी दिवसभर थंड राहिलं पाहिजे. टाकी आणि नळी उन्हात असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

एखाद्या अंड्यावर चुन्याची बारीक खडी दिसली तर घाबरू नका. कोंबडी जुनी झाली की अंडं मोठं होतं, चुना तेवढाच राहतो, म्हणून कवच पातळ होतं, तेही स्वाभाविक. पण सगळ्या कळपाची तपकिरी अंडी अचानक फिकी पडली, सुरकुतलेली किंवा बिनकवचाची निघू लागली आणि उत्पादनही घसरलं, तर उन्हाला दोष देत बसू नका. श्वसननलिकेचा संसर्गजन्य रोग किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगावरचं निकार्बाझिन औषध चुकून खाद्यात गेलं तरी तपकिरी रंग उडतो, हेही त्यांना सांगा.

उन्हात अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. मळलेली अंडी ओल्या फडक्यानं पुसू नका. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, ती झाकणारा पातळ थर पुसला गेला की ओलाव्यासोबत जंतू आत शिरतात. कोरडी घाण कोरड्या ब्रशनं हलकेच काढा आणि अंडी सावलीत, रुंद टोक वर करून ठेवा.