कपाशीच्या वहीत जगाचं राजकारण कसं टिपायचं

माझ्या वहीत रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, एक पान आहे. त्यावर ऑगस्ट २०२५च्या तीन ओळी एकाखाली एक आहेत. १९ तारीख: परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ, ३० सप्टेंबरपर्यंत. २७ तारीख: भारतीय मालावरचा अमेरिकेचा कर ५० टक्के लागू. २८ तारीख: शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

टीव्हीवर या तीन वेगवेगळ्या बातम्या होत्या. पानावर ती एकच गोष्ट आहे. अमेरिकेने कर जाहीर केला, तिकडे कपडे पाठवणाऱ्या आपल्या कारखान्यांचं गणित बिघडलं, त्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून सरकारने बाहेरच्या कापसाला दार उघडलं, आणि ते दार नेमकं आपली पहिली-दुसरी वेचणी काट्यावर येते त्याच महिन्यांत उघडं राहिलं.

मी जळगाव जिल्ह्यात धरणगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, २२ वर्षं हिशेब लिहिते. घर चोपडा तालुक्यात, तापीच्या पलीकडे. घरची कपाशी आहे, थोडी केळी आहे. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या लोकांचा विषय आहे असं मला पूर्वी वाटायचं. २०२३च्या आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेने, ते मत बदललं.

त्याच्या आदल्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. म्हणून पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने ४० क्विंटल घरात भरून ठेवला. ओसरीत, माडीवर, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत. दर आठवड्याला फोन यायचा, "ताई, भाव कव्हय वाढी?" आखाजी आली आणि गेली, पोरांच्या अंगाला खाज सुटली, आणि पावसाच्या तोंडावर सात हजारांच्या आसपास सगळा विकावा लागला. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे २०२२ मध्ये रुई पाउंडाला १५० सेंटच्या वर गेली होती आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ८०च्या खाली आली होती. हे आकडे माझ्या टेबलावर रोज येत होते. त्यांचा आमच्या माडीवरच्या ढिगाशी संबंध मला जोडता आला नाही. ते मला अजून लागतं. त्याच पावसाळ्यात मी वही सुरू केली.

पहिली चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी पानं देशांची केली होती: अमेरिका, चीन, रशिया, पाकिस्तान. दोन महिन्यांत वही निरुपयोगी झाली. नुसती भाषणं आणि भेटीगाठी भरल्या. शिवाय एकाच देशाबद्दल मन कुठल्या बाजूला न्यायचं तेही कळेना. चीनशी सीमेवर तणाव, आणि शेतातल्या औषधांचा कच्चा माल मात्र तिकडूनच. म्हणून पानं मालाची करा. माझी चार आहेत: रुई, खत, डिझेल, केळी. तुमच्याकडे मिरची असेल, कांदा असेल, मुलगा आखातात कामाला असेल तर ते पान घाला. देशाचं नाव ओळीत येऊ द्या, पानाच्या डोक्यावर नको.

खताच्या पानावरून हे लगेच पटेल. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपला देश जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून आणतो. बेलारूस हा त्यातला मोठा पुरवठादार. त्या देशाला समुद्र नाही. त्याचा माल शेजारच्या लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरातून निघायचा. अमेरिका आणि युरोपने बेलारूसवर निर्बंध टाकले, आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ती रेल्वेवाहतूक बंद केली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशिया हाही मोठा पुरवठादार. त्या वर्षी पोटॅशचं पोतं १७०० रुपयांपर्यंत गेलं, ते रावेर-यावलच्या केळीवाल्यांना आठवत असेल. लिथुआनियाचं पान आपल्यापैकी कुणी उघडलं असतं? पोटॅशचं पान असतं तर ती बातमी आपोआप तिथे आली असती. चीनने २०२१च्या अखेरीस फॉस्फेटी खतांची निर्यात आवळली, तीही डीएपी या फॉस्फेटी खताच्या ओळीत याच पानावर बसते.

आता प्रत्येक ओळ कशी लिहायची. आधी तारीख. मग बातमी कोणत्या पायरीवर आहे ते: नुसतं बोलणं, सही, की अंमल. पुढाऱ्यांची गळाभेट ही पहिली पायरी, आणि तिच्यावर माल विकायचा किंवा धरायचा निर्णय घेऊ नका. सही झाली म्हणजे लगेच काही हलत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांच्या गटाशी आपला करार १० मार्च २०२४ ला झाला, लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. दीड वर्षाहून जास्त. ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये सही, अंमल त्याच वर्षी २९ डिसेंबरला.

मग प्रमाण लिहा. ऑस्ट्रेलियाच्या करारात त्यांच्या कापसाला शुल्क माफ आहे, हे ऐकून आमच्या जिनिंगवर घबराट झाली होती. पण ती माफी वर्षाला ५१,००० टनांपुरती आहे. १७० किलोच्या गाठी धरल्या तर ३ लाख गाठी. देशाचं पीक ३०० लाख गाठींच्या आसपास असतं, म्हणजे शंभरात एक. ही ओळ मी साध्या शाईत लिहिली. ऑगस्ट २०२५ची माफी सगळ्या देशांच्या कापसाला होती आणि तिला मर्यादा नव्हती, ती लाल शाईत आहे.

रुईवाल्यांनी एक गणित शिकून घ्यावं, दहा मिनिटांचं आहे. न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला सेंटमध्ये असतो, आपला खंडीला रुपयांत. खंडी म्हणजे ३५६ किलो, म्हणजे ७८४ पाउंड. समजा तिकडे ६८ सेंट आणि डॉलर ८८ रुपये. ०.६८ गुणिले ७८४ म्हणजे ५३३ डॉलर, गुणिले ८८ म्हणजे खंडीला जवळपास ४६,९०० रुपये. किलोला १३२. एका क्विंटल कापसातून रुईचा उतारा ३४ किलो धरला तर रुईचे सुमारे ४,४८५ रुपये होतात. सरकी ६२ किलो, ३५ रुपयांनी २,१७० रुपये. एकूण ६,६५५, आणि यातून जिनिंगचा खर्च अजून जायचा आहे. बाहेरची रुई इथे येताना जहाजभाडं पडतं, त्यामुळे हा आकडा थोडा वर सरकतो, पण अंदाज येतो. याच खंडीवर ११ टक्के शुल्क म्हणजे ५,१६० रुपये. क्विंटलभर कापसावर उतरवलं तर जवळपास ५०० रुपये. दिल्लीतला तो एक कागद आपल्या एका क्विंटलला एवढ्याचा होता.

शेजारी हमीभाव लिहून ठेवा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये. ६,६५५ आणि ८,११० यातलं अंतर पाहिलं की त्या हंगामात सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नाव नोंदवणं का गरजेचं होतं ते वेगळं समजवावं लागत नाही. नोंदणी 'कपास किसान' अ‍ॅपवर होती. आमच्या गल्लीतल्या सात जणांची मी स्वतः बसून केली.

"मग आपण कोणाच्या बाजूने?" हा प्रश्न पारावर रोज निघतो. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये. युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांहून कमी होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. याच तेलाचं कारण देऊन अमेरिकेने २५ टक्क्यांवर आणखी २५ लावले. डिझेलच्या पानावरची ओळ अशी रुईच्या पानावर जाते, म्हणून दोन्हींकडे एकमेकांचा पान-क्रमांक टाकते. माझं मत विचाराल तर तटस्थ राहणं बरोबर होतं. पण त्याची किंमत तिरुपूर-सुरतेच्या कापड कारखान्यांबरोबर आपल्या कपाशीनेही भरली, आणि ती भरणाऱ्याचं नाव बोलून दाखवायला हवं.

हे खानदेशाला नवं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बसल्या. मुंबईत भाव चढले आणि खानदेश-वऱ्हाडात कपाशीचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. त्या वेळच्या शेतकऱ्याला युद्ध संपल्याचं वेळेवर कळणं अवघड होतं. आपल्या खिशात फोन आहे.

फोनवर मात्र "भाव १५ हजार होणार" असे संदेशही येतात. ते वहीत घेऊ नका. अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली का ते पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर बघा, तिथे मराठीतही माहिती असते. अधिसूचनेत 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतील तर दोन्ही उतरवा. 'पर्यंत'ची तारीख पुढच्या महिन्याच्या पानावरही आत्ताच टाका.

शनिवारी, धरणगावहून आल्यावर, मी अर्धा तास वहीला देते. भाऊ आता शनिवारीच फोन करतो. गेल्या हंगामात त्याने माल तीन खेपांत काढला: दोन सीसीआयला, एक खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला. पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत एकही बोंड गेलं नाही.