दात नसलेल्यांकडून दातांचा अभ्यास

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू वाळूतून डोकं वर काढतं, तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक पांढरं टोक दिसतं. त्यानंच ते अंड्याचं कवच फाडतं. एमएस्सीनंतरच्या पहिल्याच मुलाखतीत मी ठणकावून सांगितलं, हा कासवाचा दात. समोरच्या सरांनी एवढंच विचारलं, "त्यावर इनॅमल आहे का?" माझी बोलतीच बंद झाली. इनॅमल म्हणजे दातावरचा कठीण थर; ते टोक केराटिनचं, आपल्या नखाच्या जातीचं. अंड्यातून येणाऱ्या सापांच्या पिल्लांना मात्र त्याच कामासाठी खराखुरा दात असतो.

ती जागा हुकली. विषय मात्र डोक्यात बसला: प्राण्यांच्या जनुकांतून इनॅमलचा इतिहास वाचायचा.

माणसाच्या इनॅमलमध्ये सुमारे 96 टक्के खनिज असतं. ते घडताना आधी प्रथिनांचा साचा तयार होतो, त्यात मोठा वाटा अमेलोजेनिनचा. मग एमएमपी20 सारखी विकरं (एन्झाइम) तो साचा कापून काढतात. साच्यातल्या अमेलोब्लास्टिन आणि इनॅमलिन या प्रथिनांची जनुकं माणसात चौथ्या गुणसूत्रावर जवळजवळ नांदतात. अमेलोजेनिन त्याच घराण्यातलं, पण राहायला भलतीकडे: एक्स गुणसूत्रावर, एआरएचजीएपी6 नावाच्या मोठ्या जनुकाच्या पोटात.

हा पत्ता पाठ करा, कामाला येतो. नवख्या प्राण्याचा जीनोम (त्याचा सगळा डीएनए) उघडला की सगळेच आधी ब्लास्ट, म्हणजे सारखे डीएनए शोधणारी आज्ञावली, चालवतात. पण अमेलोजेनिनचे काही एक्झॉन (जनुकातले प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) जेमतेम चाळीस-पन्नास डीएनए-अक्षरांचे, ते ब्लास्टच्या जाळ्यातून निसटतात. अशा वेळी वाडीत घर शोधतो तसं करायचं, शेजाऱ्याचं नाव विचारायचं. शेजारची जनुकं सापडली की मधला भाग हातानं, अक्षर न अक्षर वाचायचा.

मी हे उशिरा शिकले. एका सरड्यात एक एक्झॉन दिसेना, म्हणून जनुक मोडलंय असं ठरवून तीन महिने त्यावर आराखडे बांधले. मार्गदर्शकांनी फाइल उघडली आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं. तिथे ओळीनं नुसते 'एन' होते, म्हणजे वाचताच न आलेली अक्षरं. जनुक शाबूत होतं, जीनोमच्या जुळणीतच भोक पडलेलं. तो आराखडा मी अजून जपून ठेवलाय, नवीन मुलांना दाखवायला.

खरोखर मोडलेली जनुकं सापडतात ती दात गमावलेल्यांकडे. चिपळूणकडच्या रानातलं खवले मांजर बिनदाताचं, त्याच्या जीनोममध्ये इनॅमलिनचं जनुक निकामी होऊन पडलंय. कोंबडीतही इनॅमलिनचे अवशेष मिळतात. दातांऐवजी तोंडात गाळणी असलेल्या देवमाशांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि जिरून जातात. 2011 मध्ये दाखवलं गेलं की या देवमाशांच्या एमएमपी20 मध्ये एक उडता, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारा, डीएनए-तुकडा एकाच जागी घुसलेला आहे. म्हणजे ती मोडतोड त्यांच्या सामाईक पूर्वजातच झालेली. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात देखणा पुरावा.

वाशिष्ठीतल्या मगरीची गोष्ट वेगळी. तिला इनॅमल आहे, पण त्यात आपल्यासारखे प्रिझम, म्हणजे स्फटिकांच्या जुड्या, नाहीत. दात पडला की नवा येतो, मग टिकाऊपणाची फिकीर कशाला? आपल्याला दोनच संच, शिवाय वरचा-खालचा दात घासून चावायचं. अर्थात युरोमॅस्टिक्स नावाच्या सरड्यात प्रिझम आहेत, त्यामुळे 'सस्तन म्हणजे प्रिझम' असं सरसकट म्हणून परीक्षेत फसू नका.

आता पोटापाण्याचं. प्राणिशास्त्राची बीएस्सी चालते, गणिताशी वाकडं नको. पायथन किंवा आर, थोडं लिनक्स एवढं यायला हवं. एनसीबीआय आणि एन्सेम्बल या संकेतस्थळांवरचे जीनोम फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर गुहागरच्या पडवीत बसूनही सुरुवात होते (पावसाळ्यात वीज असेल तर). सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. न्यायवैद्यकाची वाटही आहे: अमेलोजेनिनच्या एक्सवरच्या प्रतीत पहिल्या इंट्रॉनमधली (दोन एक्झॉनांमधल्या भागातली) 6 अक्षरं गळलेली असतात, वाय गुणसूत्रावरच्या प्रतीत गळलेली नसतात. सांगाडा पुरुषाचा की बाईचा, हे त्यावरून कळतं.

आमचे काका हर्णैला मासळीच्या लिलावात असतात. त्यांनी मुशीचा (छोट्या शार्कचा) जबडा पुढे केला नि म्हणाले, "घे, भरपूर दात हत, कर अभ्यास." मुशीच्या दातावर असतं ते इनॅमलसारखंच दिसणारं एनॅमलॉइड, आपलं इनॅमल नव्हे. पण त्यांना हे सांगायला मी आठवडा घेतला, आणि तोवर जबड्याचा वास घरभर पसरला होता.