आजीच्या वहीतला फराळ करताय? या चुका टाळा

आमच्या वहीत अनारशांवर चारच ओळी आहेत: तांदूळ तीन दिवस भिजत घालावे, कांडून चाळावे, गूळ घालून गोळा करावा, खसखशीवर थापून तळावे. पहिल्या वर्षी एवढ्यावर विसंबून मी कढई चढवली. अनारसा तुपात सोडला, क्षणभर फुलला, जाळी सुटत गेली आणि बघता बघता त्याचा चुरा कढईभर पसरला. आमच्याकडे याला अनारसा हसला म्हणतात. माझा घाणाच्या घाणा हसला.

जुन्या वह्यांत घरातल्या प्रत्येकीला ठाऊक असलेलं लिहिलेलंच नसतं. भिजवलेल्या तांदळाचं पाणी रोज बदलायचं, हे वहीत नाही. तांदूळ जुना हवा, हेही नाही. नवा किंवा इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ घेतला की अनारसा हसण्याची भीती वाढते. सगळ्यात मोठी चूक वाळवण्यात होते. मी तांदूळ उन्हात खडखडीत वाळवले होते. ते सावलीत, सुती कापडावर, हाताला दमट लागतील इतपतच सुकवायचे. मूठ दाबून उघडली तर पिठी मुटक्यासारखी राहिली पाहिजे. मिक्सर चालेल, पण चाळण मैद्याची घ्या.

गूळ साधा, किसून घ्यायचा; चिक्कीचा नको. 1 किलो ओल्या पिठीला मी पाऊण किलो गूळ घेते, आणि मूठभर पिठी बाजूला ठेवते. ती मूठ फार कामाची. गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या, मग एकच अनारसा तळून बघा. हसला तर राखलेली पिठी मळून घ्या. कडक झाला, जाळी पडली नाही, तर थोडं पिकलेलं केळं कुस्करून मळा. तळताना आच मंद, खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा अजिबात नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पाहुणे यायच्या दिवशी हा प्रयोग करू नका. पीठ आधी करून ठेवता येतं, तेच याचं मोठं सुख आहे.

मापांचा घोळ वेगळाच. आमच्या नानकटाईत पावशेर तूप, पावशेर साखर, अच्छेर (म्हणजे अर्धा शेर) मैदा आहे. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. पावशेर 233, अच्छेर 466. सगळं एकाच मापात असेल तर पावशेराचे 250 ग्रॅम धरले तरी बिघडत नाही, प्रमाण तेच राहतं. गडबड होते ती निम्मं शेरात आणि निम्मं वाटीत लिहिलेलं असतं तेव्हा. शिवाय धान्याचा शेर मापी, म्हणजे भांड्याने मोजायचा असायचा, 2 मापट्यांचा. ‘शेरभर रवा’ वाचलं की तो मापाचा की वजनाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.

नानकटाई ट्रेवर पसरली तर दोष बहुधा तुपाचा असतो. पातळ केलेलं तूप चालत नाही. थिजलेलं, कणीदार तूप परातीत पिठीसाखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत हाताने फेसायचं. वहीत डालडा लिहिला असेल आणि तुम्ही घरचं तूप वापरणार असाल, तर ते डालड्यापेक्षा लवकर विरघळतं. तूप जरा कमी घ्या आणि वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

‘खाली-वर विस्तव’ वाचून ओव्हनचं ग्रिल लावू नका, वरून करपून आत कच्ची राहते. ओव्हन आधी तापवून घ्या, दोन्ही कॉइल, 160 अंश, साधारण वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच लागते, म्हणून पुन्हा आत ढकलू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग हलक्या हाताने उचला.